पिकाच्या डोक्यावरचा भोवरा

ऑगस्टच्या अखेरीला हिंगोली जिल्ह्यातल्या कळमनुरी किंवा सेनगाव तालुक्यात सोयाबीन गुडघ्याच्या वर आलेले असते. तासे मिटलेली असतात आणि पाठीवर पंप घेऊन आत शिरायचे तर पाऊल कुठे टाकावे हाच प्रश्न असतो. अशा वावरांवर आता फवारणीचे ड्रोन दिसू लागले आहेत. सहा पंख्यांचे यंत्र धुऱ्यावरून उठते, पिकाच्या वर दोन-अडीच मीटरांवर स्थिरावते आणि सरळ रेषेत निघते. खाली पाने उलटतात, त्यांची फिकट पाठ दिसते आणि यंत्राच्या वाटेने पिकातून एक पांढुरका पट्टा सरकत जातो. बघणाऱ्यांची नजर त्या पट्ट्यावर खिळलेली असते. पण ऊन समोर घेऊन, वाऱ्याच्या वरच्या बाजूने, सुरक्षित अंतरावरून पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. औषधाचे तुषार मधोमध खाली जातात. दोन्ही कडांचे काही तुषार मात्र बाहेर फेकले जातात, वर वळतात आणि यंत्र पुढे गेल्यावरही थोडा वेळ हवेत गरगरत राहतात.

हवेवर तोलून उडणारे काहीही, मग ते विमान असो, हेलिकॉप्टर असो, ड्रोन असो की घार, आपल्यामागे अशी भोवऱ्यांची जोडी सोडत जाते. उंच आकाशात ही जोडी बहुतेक वेळा स्वतःच स्वतःला मोडते. जमिनीजवळ आली की तिची चाल बदलते. मुंबईत उतरणाऱ्या दोन विमानांमध्ये किती अंतर ठेवायचे, याचा संबंध या चालीशी आहे. वसमतच्या हळदीवर मारलेले औषध शेजारच्या तुतीच्या बागेत जाईल की नाही, याचाही आहे.

पंखाखाली हवेचा दाब जास्त असतो, वर कमी. या फरकानेच विमान तोलले जाते. पण पंख कुठेतरी संपतो, आणि त्या टोकाशी खालची हवा वरच्या कमी दाबाकडे वळसा घेऊन धावते. विमान पुढे जात राहते, वळसा मागे सुटतो आणि पंखाच्या प्रत्येक टोकामागे फिरत्या हवेचा एक लांबलचक दोर तयार होतो. इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०७ मध्येच आपल्या पुस्तकात याची चित्रे काढली होती. पुढे पहिल्या महायुद्धाच्या सुमारास जर्मनीतील ग्योटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांनी त्याला गणिताची चौकट दिली. त्या गणितातून निघणारा निष्कर्ष सरळ आहे. विमान जितके जड, जितके संथ आणि पंखांचा पसारा जितका कमी, तितके भोवरे जोरकस. उतरणारे विमान संथ असते, म्हणजे जमिनीच्या सर्वांत जवळ असतानाच ते आपले सर्वांत जोरकस भोवरे सोडत असते.

हे दोन दोर एकमेकांच्या उलट दिशेने फिरतात. मागून पाहिले तर डावा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे आणि उजवा त्याच्या विरुद्ध. रसवंतीच्या दोन रुळांमध्ये ऊस जसा ओढला जातो, तशी दोघांच्या मधली हवा खाली ओढली जाते. शिवाय डाव्याने ढकललेल्या हवेत उजवा सापडतो आणि उजव्याने ढकललेल्या हवेत डावा, त्यामुळे अख्खी जोडी खाली सरकू लागते. ६४ टनांचे एअरबस ए-३२० जातीचे विमान ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास वेगाने उतरत असेल, तर भोवऱ्यांमधले अंतर सुमारे २८ मीटर भरते आणि जोडी दर सेकंदाला साधारण दीड मीटर खाली येते. एरवी नुसत्या डोळ्यांना यातले काहीच दिसत नाही. अमेरिकेत नासाच्या वॉलॉप्स केंद्रात १९९० मध्ये शेतीफवारणीचे एक विमान जमिनीवरून सोडलेल्या रंगीत धुरातून नेले गेले. त्या वेळी काढलेल्या छायाचित्रात पंखाच्या टोकामागे लाल धुराची प्रचंड गुंडाळी उलगडताना दिसते, आणि तिच्यापुढे विमान छोटे वाटते. आजही पाठ्यपुस्तकांत हेच छायाचित्र सापडते. शेतीच्या विमानावर हा प्रयोग झाला, ही गोष्ट इथे विशेष लक्षात घेण्यासारखी आहे.

मोकळ्या आकाशात या जोडीचा शेवट कसा होतो, याचे उत्तर एस. सी. क्रो यांनी १९७० मध्ये दिले. भोवरे हळूहळू झिजून संपत असतील, असा तोवर अनेकांचा समज होता. क्रो यांनी दाखवले की त्यांचा अंत त्यांच्या शेजारामुळेच होतो. एका दोराला वाऱ्याच्या झुळकेने किंचित बाक आला की दुसरा त्याला ओढतो, बाक वाढतो, आणि दोन्ही दोर समोरासमोर नागमोडी होत जातात. या लाटांची लांबी भोवऱ्यांमधल्या अंतराच्या साधारण साडेआठ पट असते. ए-३२० साठी हे सुमारे २४० मीटर झाले. शेवटी लाटांची टोके एकमेकांना भिडतात, दोर तुटतात, तुटलेले तुकडे आपापसात जोडले जातात आणि आकाशात लांबट कड्यांची माळ उरते. हिवाळ्यातल्या निरभ्र सकाळी उंचावरून जाणाऱ्या विमानाची पांढरी शेपटी काही वेळाने मण्यांसारखी गाठाळ होते, तेव्हा पुष्कळदा हेच घडत असते. कडी बनली की जोडीचा जोर लवकर ओसरतो.

जमीन आली की हे सगळे गणित नव्याने मांडावे लागते.

जमिनीतून हवा आरपार जाऊ शकत नाही. ही अट समीकरणात बसवण्यासाठी गणितज्ञ जमिनीच्या खाली आरशातल्यासारखी आणखी एक जोडी आहे असे धरतात. वरच्या प्रत्येक भोवऱ्याला खालचे त्याचे प्रतिबिंब बाजूला ढकलते. त्यामुळे खाली येणारी जोडी एका उंचीवर थबकते आणि दोन्ही भोवरे एकमेकांपासून दूर, आडवे, जमिनीला समांतर निघतात. होरेस लॅम यांच्या ‘हायड्रोडायनॅमिक्स’ या जुन्या ग्रंथात या वाटेचे सूत्र आहे. त्यानुसार भोवरे सुरुवातीच्या अंतराच्या निम्म्या उंचीच्या खाली जात नाहीत, आणि ज्या वेगाने ते खाली येत होते जवळजवळ त्याच वेगाने बाजूला सरकतात. ए-३२० चे भोवरे म्हणजे जमिनीपासून सुमारे १४ मीटरांवर थांबणार. आणि धावपट्टीचे तोंड ओलांडताना विमानाची नेहमीची उंची ५० फूट, म्हणजे १५ मीटर! पुढच्या विमानाचा भोवरा नेमका मागच्याच्या वाटेत येऊन पसरतो, तोही अशा जागी जिथे वैमानिकाला सावरायला उंची उरलेली नसते.

लॅम यांच्या सूत्रात मात्र हवेचा चिकटपणा धरलेला नाही, आणि खरी गंमत तिथेच सुरू होते. इंग्लंडमध्ये डी आणि निकोलस यांनी १९६८ मध्ये प्रत्यक्ष उड्डाणे करून मोजमापे घेतली, तेव्हा भोवरे खाली येऊन बाजूला सरकल्यावर पुन्हा वर उसळताना दिसले. गणितात याला जागा नव्हती. १९७१ मध्ये हार्वी आणि पेरी यांनी प्रयोगशाळेतील वाऱ्याच्या बोगद्यात कारण शोधले. भोवऱ्याच्या तळाशी हवा जमिनीवरून घासत बाहेर धावते. जमिनीला टेकलेला तिचा पातळ थर घर्षणाने मंदावतो. भोवऱ्याच्या खालून पुढे जाताना या थराला वाढत्या दाबाविरुद्ध चढावे लागते, ते त्याला जमत नाही, आणि तो जमिनीपासून सुटून वर उठतो. वर उठलेला थर गुंडाळला जातो आणि मुख्य भोवऱ्याच्या बाहेरच्या अंगाला उलट फिरणारा एक धाकटा भोवरा जन्माला येतो. हा धाकटा मग थोरल्याला वर रेटतो. थोरला कधी कधी सुरुवातीच्या अंतराइतक्या उंचीपर्यंत परत चढतो, म्हणजे जिथे थबकला होता त्याच्या जवळपास दुप्पट.

आता स्थैर्याचा प्रश्न. दोन भोवरे दूर गेले की त्यांची एकमेकांवरची ओढ कमी होते, म्हणून क्रो यांच्या लाटांना वाढायला पूर्वीइतका वाव राहत नाही. तेवढ्यापुरती जमीन भोवऱ्यांना जगवते. पण तिनेच जन्माला घातलेला धाकटा भोवरा पातळ आणि नाजूक असतो. थोरल्याच्या ताणात तो लवकर वाकडातिकडा होतो, त्याला आखूड लाटा सुटतात, त्यांचे फास बनतात आणि हे फास थोरल्याभोवती लपेटले जातात. दोघे उलट फिरणारे असल्याने फिरकी फिरकीला खाते. थोरला आतून पोखरला जातो आणि एका क्षणी त्याचा जोर झपाट्याने उतरतो. म्हणून जमिनीजवळच्या भोवऱ्याचे आयुष्य दोन गोष्टींच्या ओढाताणीत ठरते: जोडीदारापासून दूर गेल्याने मिळालेली सवलत, आणि जमिनीतून उठलेल्या पोरवड्याची कुरतड. हवा शांत आणि जमीन गुळगुळीत असेल तर कुरतड सुरू व्हायलाच वेळ लागतो.

याची किंमत १९७२ मध्ये कळली. ३० मे रोजी अमेरिकेत टेक्सासमधील फोर्ट वर्थजवळ डेल्टा कंपनीचे डीसी-९ प्रशिक्षणाच्या उड्डाणावर होते. त्याच्यापुढे एक अवजड डीसी-१० धावपट्टीला स्पर्श करून पुन्हा उडाले होते. मागून उतरणारे डीसी-९ धावपट्टीजवळ डोलू लागले, एका कुशीवर कलंडले आणि आदळले. विमानातले चौघेही गेले. छोट्या विमानांना भोवऱ्यांचा धोका असतो हे ठाऊक होते. पण इतके मोठे प्रवासी जेटही उलटू शकते, हे या अपघाताने दाखवले, आणि अवजड विमानामागे ठेवायच्या अंतराचे नियम कडक झाले. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार १३६ टन किंवा त्याहून अधिक वजनाच्या विमानामागे मध्यम वजनाच्या विमानाला साधारणपणे पाच सागरी मैल, म्हणजे नऊ किलोमीटरहून जास्त अंतर ठेवावे लागते. मागे येणारे विमान हलके असेल तर सहा.

मुंबईच्या विमानतळावर या अंतराचा अर्थ रोज जाणवतो. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरायची, असा व्यवहार. एकाच पट्टीवर तासाला ४६ उड्डाणे-उतरणी, आणि गर्दीच्या दिवशी चोवीस तासांत हजाराहून जास्त, हा मुंबईचा लौकिक आहे. अशा ठिकाणी एका जड विमानामागे सोडलेला एकेक मिनिट मोलाचा असतो. घाटकोपर-कुर्ल्याच्या छपरांवरून विमाने खाली येतात. त्यांच्यामागचे भोवरे कुठे गेले हे कोणालाच दिसत नाही; अंतर पाळणे हाच त्यावरचा उपाय. लंडनच्या हीथ्रोजवळच्या वस्त्यांत या भोवऱ्यांनी घरांची कौले उचकटल्याच्या तक्रारी होत आल्या आहेत आणि त्यांच्या दुरुस्तीची सोयही विमानतळाने केली आहे.

वैमानिकांना शिकवली जाणारी एक गोष्ट ऐकणाऱ्याला पहिल्यांदा उलटी वाटते. जोराच्या आडव्या वाऱ्यापेक्षा मंद आडवा वारा जास्त घातक. जोराचा वारा दोन्ही भोवरे उडवून नेतो. वारा मुळीच नसेल तर ते दोन बाजूंना निघून जातात. पण वारा ताशी पाच-सहा किलोमीटरचा असेल तर वाऱ्याकडच्या भोवऱ्याची बाहेर सरकण्याची गती आणि वाऱ्याची गती एकमेकींना काटतात, आणि तो भोवरा धावपट्टीवरच ठाण मांडून बसतो. अमेरिकी वैमानिकांच्या मार्गदर्शिकेत एक ते पाच नॉट वाऱ्याबद्दल यासाठीच खास इशारा दिलेला आहे.

भोवऱ्याला जमिनीकडूनच लवकर मोडायला लावता येईल का? जर्मनीच्या डीएलआर या संस्थेतील फ्रँक होल्झॅपफेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा विचार केला. धावपट्टीच्या अलीकडे, विमाने ज्या रेषेवरून येतात तिच्याखाली, उभ्या फळ्यांच्या रांगा लावायच्या. भोवरा फळ्यांवरून गेला की तिथे जमिनीलगतचा थर मुद्दाम तुटतो, धाकट्या भोवऱ्यांचे फास लगेच बनतात आणि थोरल्याभोवती गुंडाळत त्याच्या लांबीवर दोन्ही दिशांना पळतात. २०१९ मध्ये व्हिएन्नाच्या विमानतळावर हा प्रयोग खऱ्या वाहतुकीत झाला. सर्वांत चिवट भोवऱ्यांचे आयुष्य साधारण पाव ते एक तृतीयांशाने घटले. ना इंजिन, ना वीज, ना संगणक. जमिनीवर उभ्या केलेल्या काही फळ्या.

हिंगोली जिल्ह्यात विमानतळ नाही. सर्वांत जवळचा नांदेडचा. पण जमिनीलगतच्या भोवऱ्यांची सर्वाधिक वर्दळ आता धावपट्टीवर नसून वावरावर होणार आहे, आणि त्या दृष्टीने हा जिल्हा चर्चेच्या मध्यभागी आहे. सोयाबीन, कापूस, तूर, हरभरा आणि वसमतची हळद, जिला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ही सगळी फवारणीची पिके. ज्या परभणी जिल्ह्यातून १ मे १९९९ रोजी हिंगोली वेगळा झाला, तिथल्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात ड्रोन आणि यंत्रमानवांच्या शेतीतील वापराचा प्रकल्प राबवला गेला. केंद्र सरकारने २०२३ मध्ये मंजूर केलेल्या ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत देशभरातील १५ हजार महिला बचत गटांना फवारणीचे ड्रोन द्यायचे ठरले, किमतीच्या ८० टक्के आणि जास्तीत जास्त आठ लाख रुपये अनुदानासह.

ड्रोन हवाच, हे आधी स्पष्ट म्हटले पाहिजे. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात कापसावर फवारणी करताना विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. डोक्याइतक्या उंच कापसात शिरून, हातमोजे-मुखपट्टीशिवाय, तासन्‌तास विषाच्या धुक्यात उभे राहायचे, हे काम माणसाच्या अंगावरून काढून यंत्रावर टाकणे केवढे मोठे पुण्य आहे, हे त्या घरांना विचारावे. म्हणूनच यंत्र नेमके कसे वागते ते समजून घ्यायला हवे. पाठीवरच्या पंपाने एकरी दीडशे-दोनशे लिटर पाणी लागते. ड्रोन तेच औषध आठ-दहा लिटरांत मारतो. थेंब बारीक आणि औषध कितीतरी तीव्र. त्यातले जे उडून जाईल, तेही तितकेच तीव्र.

फवारणीच्या विमानांनी हा धडा फार आधी शिकवला आहे. हिंदुस्थान एरोनॉटिक्सने शेतीसाठी बनवलेले ‘बसंत’ विमान १९७२ मध्येच आकाशात उडाले होते. परदेशात अशा विमानांवर नोझल पंखांच्या टोकापर्यंत लावलेली असत. टोकाजवळच्या नोझलचे तुषार भोवऱ्यात शिरत, वर चढत आणि वाऱ्याबरोबर शिवाराबाहेर जात. त्यामुळे नोझलची नळी पंखांच्या एकूण लांबीच्या तीन चतुर्थांशाहून लांब नको, असा नियम अमेरिकेत औषधांच्या वेष्टनांवर छापला जाऊ लागला. केरळच्या कासरगोडमध्ये काजूच्या बागांवर अनेक वर्षे हवेतून एंडोसल्फान हे कीटकनाशक फवारले गेले, आणि औषध बागेपुरते राहिले नाही तर वस्त्यांवर काय ओढवते हे देशाने पाहिले.

ड्रोनचे वागणे विमानापेक्षा जरा गुंतागुंतीचे आहे. बाजारात जास्त दिसणारे दहा लिटर टाकीचे यंत्र भरलेल्या अवस्थेत २५ किलोंच्या जरा आत असते, कारण २०२१ च्या ड्रोन नियमांत ‘लघु’ गटाची मर्यादा तेवढीच आहे. सहा पंखे, प्रत्येकी सुमारे पाऊण मीटर व्यासाचे, असे धरले तर एका जागी तरंगताना पंख्यांतून खाली जाणाऱ्या हवेचा वेग सेकंदाला सहा मीटरांच्या पुढे भरतो. ही हवा पिकावर आदळते, पाने उलटते, तुषार आतपर्यंत पोचवते. ड्रोनचा मोठा फायदा हाच. टाकी रिकामी होत आली की वजन पंधरा किलोंवर येते आणि तोच वेग पाच मीटरांच्या आसपास उतरतो. म्हणजे वावराच्या पहिल्या ओळीवर आणि शेवटच्या ओळीवर एकाच यंत्राने केलेली फवारणी सारखी नसते.

यंत्र संथ असेल तर हवेचा झोत सरळ खाली जातो, पिकावर पसरतो आणि त्याच्या कडा बाहेरच्या बाजूला गुंडाळल्या जातात. वेग वाढवला की झोत मागे झुकतो, पिकापर्यंत पोचण्याआधीच त्याच्या दोन्ही कडा वळतात आणि विमानासारखीच दोन लांब भोवऱ्यांची जोडी मागे सुटते. आता खाली रेटणारी हवा कमी आणि बाजूने वर उचलणारी हवा जास्त. एकर लवकर उरकावा म्हणून वेग वाढवणारा चालक नकळत झोत सोडून भोवरा निवडत असतो. उंचीचेही तसेच. यंत्र उंच नेले की खालचा रेटा विरतो. फार खाली आणले तर झोत जमिनीवरून उसळतो आणि कडेचे तुषार वर फेकतो. विरळ पेरा आणि उघडी माती असेल तर ही उसळी जास्त, गच्च दाटलेल्या पिकात कमी, कारण पानांच्या जाळीतून हवा आत मुरते आणि तिचा जोर तिथेच जिरतो. म्हणून जूनमधल्या चार पानांच्या सोयाबीनला आणि ऑक्टोबरमधल्या कमरेएवढ्या हळदीला एकच उंची आणि एकच वेग लावणे बरोबर ठरत नाही.

भोवरा तुषाराला किती सहज पळवतो, हे आकड्यांनी पाहावे. ३०० मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या तीन दशांशाचा थेंब शांत हवेत सेकंदाला मीटरभराहून जास्त पडतो. दोन मीटरांवरून सुटला की दोन सेकंदांच्या आत पानावर. १०० मायक्रॉनचा थेंब सेकंदाला पाव मीटर. ५० मायक्रॉनच्या थेंबाला तेच दोन मीटर उतरायला जवळजवळ अर्धा मिनिट लागतो, आणि तेवढ्या वेळात ताशी सात किलोमीटरच्या झुळकेने तो पन्नास मीटर दूर जातो. वाटेत त्यातले पाणी उडून तो आणखी हलका होतो. ड्रोनच्या कडेला वर जाणारी हवा सेकंदाला मीटरभर वेगाने चढत असेल तर १०० मायक्रॉनच्या थेंबालाही ती सहज उचलते. जाड थेंबांचे नोझल लावले की हा धोका पुष्कळ कमी होतो. भोवरा तोच राहतो, पण त्याच्या हाती काही लागत नाही.

मग फवारणी कधी करावी? गावात याचे उत्तर पक्के आहे: भल्या सकाळी, वारं पडलेलं असताना. या सल्ल्यात निम्मे तथ्य आहे. जोराच्या वाऱ्यात औषध उडते हे खरेच. पण मुळीच वारा नसलेली पहाट ही भोवऱ्यांसाठी सर्वांत सुखाची वेळ. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, तुरीच्या शेंगा भरत असताना आणि हरभऱ्यावर घाटेअळी येते तेव्हा, रात्री आभाळ निरभ्र असते, जमीन लवकर निवते आणि तिला लागून असलेली हवा वरच्या हवेपेक्षा गार होते. गार हवा जड, म्हणून ती खालीच बसून राहते; वर-खाली ढवळणे थांबते. भोवऱ्याला कुरतडणाऱ्या छोट्या गिरक्याच हवेत उरत नाहीत, त्यामुळे तो जास्त वेळ टिकतो. त्यातून सुटलेले बारीक तुषारही वर जाऊन विरळ होत नाहीत. थराथराने तरंगत ते उताराच्या दिशेने, नाल्याकडे, कयाधू नदीच्या काठच्या सखल वावरांकडे सरकतात. ही अवस्था ओळखायला यंत्र लागत नाही. चुलीचा धूर सरळ वर न जाता छपरांच्या उंचीवर आडवा पसरलेला असेल आणि पिकावर दहिवर साचलेले असेल, तर अजून थांबावे. ऊन चढून धूर मोकळा होऊ लागला, पाने जराशी हलू लागली आणि वारा एका दिशेने मंद वाहू लागला, की वेळ झाली. वैमानिकाला नको असणारी ती मंद झुळूकच शेतकऱ्याला हवी असते. ती भोवऱ्याला मोडते, आणि औषध गेलेच तर कोणत्या बाजूला जाईल हे आधीच सांगते.

हे सांगणे मराठवाड्यात विशेष गरजेचे आहे, कारण इथे रेशीम शेती वाढते आहे. रेशमाच्या अळ्या तुतीच्या पानांवर जगतात आणि कीटकनाशकाचा अंशही त्यांना सोसत नाही. शेजारच्या धुऱ्यापलीकडे कापसावर मारलेले औषध पानांवर बसले तर अख्खी बॅच हातची जाते. चारी बाजूंना लहान लहान वावरे, मधे हातभर रुंद धुरा, अशी आपल्याकडची जमीन. अमेरिकेतल्या शेकडो एकरांच्या पट्ट्यावर कडेचे पन्नास मीटर सोडून देता येतात. इथे पन्नास मीटरांत दोन शेतकऱ्यांची वावरे संपतात. म्हणून वाऱ्याच्या खालच्या बाजूचे शेवटचे एक-दोन पट्टे ड्रोनने न मारता हाताने मारणे, कडेच्या पट्ट्यावर यंत्र संथ ठेवणे आणि वळण घेताना नोझल बंद करणे, एवढे नियम तरी इथल्या शेतीला साजेसे आहेत. वळणावर यंत्र कलते, त्याचा झोतही कलतो, आणि वळण नेमके धुऱ्याजवळच येते.

भोवऱ्याने काय नेले हे मोजायला एक स्वस्त साधन उपलब्ध आहे: पाणी लागताच पिवळ्याचा निळा होणारा कागद. त्याचे छोटे तुकडे काठ्यांना लावून पिकात वरच्या पानाशी, खालच्या पानाशी आणि धुऱ्यापलीकडे पाच, दहा, वीस मीटरांवर उभे करायचे. टाकीत नुसते पाणी भरून ड्रोन एकदा उडवायचा. निळे ठिपके किती आणि केवढे, यावरून झोत आत किती शिरला आणि कडेने किती निसटला हे तिथल्या तिथे दिसते. तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्राच्या आवारापासून बचत गटाच्या शेतापर्यंत कुठेही हे करता येते. सोयाबीन, कापूस, तूर आणि हळद या चार पिकांसाठी, वाढीच्या दोन टप्प्यांवर, सकाळच्या दोन वेगवेगळ्या वेळी अशी मोजणी केली, तर हिंगोलीच्या ड्रोन चालवणाऱ्या महिलांच्या हाती त्यांच्याच मातीवरचा तक्ता येईल: कोणत्या पिकावर किती उंची, किती वेग, आणि धूर कसा दिसला की यंत्र उचलायचे.